फकिणीची बाव

खाडीच्या तोंडाशी आज जिथे दगडी धक्का आहे तिथे एकेकाळी नुसती वाळू होती, आणि गलबतं वाळूवरच ओढून ठेवत, तेव्हाची ही गोष्ट. फार वर्षांपूर्वीची. किती ते सांदखोलात कुणालाच सांगता येत नाही, पण कुणाला त्याची अडचणही होत नाही. त्या काळी सांदखोल गावात मैमुना नावाची बाई राहत होती. गाव तिला फकीण म्हणायचं. अजूनही म्हणतं.

फकी म्हणजे धर्मशास्त्राचा जाणकार. रोजा कशाने मोडतो, वारसाचा वाटा कसा पाडायचा, पाणी पाक कधी आणि नापाक कधी, हे ज्याला विचारायचं तो फकी. सुन्नी धर्मशास्त्राच्या चार वाटा आहेत, आणि चारी खऱ्या. त्यांना मजहब म्हणतात. घाटावरचे बहुतेक लोक हनफी वाटेने जातात. आमच्या किनाऱ्यावर मात्र शाफई वाट चालते, कारण ती दर्यावरून आली. अरबांच्या गलबतांतून खजूर उतरला, ऊद उतरला, आणि त्यांच्याबरोबर ही वाटही उतरली. खजूर संपला. वाट राहिली.

मैमुनाचे वडील गावचे फकी होते. त्यांना मुलगा नव्हता म्हणून गाव हळहळायचं. फकी मात्र एक दिवसही हळहळले नाहीत. त्यांनी मुलीला शेजारी बसवलं आणि स्वतःला जे येत होतं ते सगळं तिला दिलं. बाकीच्या बायका जात्यावर गाणी म्हणायच्या, ही वजूचे, म्हणजे नमाजीआधी हातपाय धुण्याचे, नियम म्हणायची. असं म्हणतात, की तिच्या जात्याखालून पिठाचा एक कणसुद्धा कधी सांडला नाही, कारण जातंही ऐकत असायचं.

वडील गेले तेव्हा काही म्हाताऱ्यांनी नाकं मुरडली. बाईमाणसाला मसला, म्हणजे शास्त्रातला प्रश्न, विचारायचा? पण विचारायला दुसरं होतं कोण? आधी बायका आल्या, मग बायकांच्या मागून त्यांचे नवरे आले, आणि मग नाकं मुरडणारेही आले. मैमुना तोंडाची फटकळ होती, पण कुणाला तिने उगाच अवघड वाट दाखवली नाही आणि कुणाची मर्जी राखायला सोपीही सांगितली नाही. जे आहे ते सांगायची, आणि परत जात्यावर बसायची.

आता गावाच्या पाण्याचं ऐका. सांदखोलाला तिन्ही बाजूंनी खाडी. कुठेही खणा, खारं पाणी. गोड्या पाण्याची बाव, म्हणजे विहीर, गावात एकच, मशिदीच्या मागे, कातळात खोदलेली. पूर्वी आणखी एक होती, वरच्या आळीत. ती कुणीतरी साफ करायची म्हणून तळापर्यंत उपसली. पाणी खाली गेलं तशी खाडी आतून शिरली, आणि बाव कायमची खारट झाली. तिच्यात आता बेडूकही राहत नाहीत.

त्या वर्षी वैशाख फार कडक होता. मशिदीमागच्या बावीत पाणी तळाशी गेलं होतं, तरी गावाला पुरत होतं. आणि नेमकी तेव्हाच मैमुनाची बकरी हरवली. चांदणी तिचं नाव. पांढरी, कपाळावर ठिपका, आणि स्वभावाने मालकिणीसारखीच हट्टी. मैमुनाने तिला खाजणात शोधलं, काजूच्या रायीत शोधलं. शेवटी चांदणी सापडली ती पाणी भरायला गेलेल्या बायकांना, बावीत. पाण्यावर फुगून आलेली.

बकरी बाहेर काढली आणि गावात गलका झाला. जो तो विचारत सुटला, आता काय? मैमुना तेव्हा पलीकडच्या वाडीत एका बाळंतिणीकडे गेली होती. गावात पाहुणे म्हणून घाटावरचे एक मौलवी उतरले होते, करामतअली नावाचे, मोठे विद्वान आणि मवाळ बोलण्याचे. लोक त्यांच्याकडे धावले. त्यांनी शांतपणे सांगितलं, "बकरी मेली असेल तर विहिरीचं सगळं पाणी उपसायला हवं." ते हनफी होते. त्यांच्या वाटेवर हेच खरं होतं. त्यांनी विचारलं नाही की तुमची वाट कुठली, आणि आपण होऊन कुणी सांगितलंही नाही. चूक झाली ती तिथे.

दाऊद नाखवा गावातला सगळ्यात मोठा माणूस. त्याची दोन गलबतं होती, आणि त्याच्या मुलीचं, सुगराचं, लग्न तोंडावर आलं होतं. त्याने लगेच खलाशी बोलावले, पोहरे बांधले, आणि उपसा सुरू केला. वरच्या आळीची खारी बाव सगळ्यांना आठवत होती. पण नमाजी वाया गेल्या तर काय, ही भीती त्याहून मोठी होती. भीतीपुढे माणसाला खाडी दिसत नाही.

मैमुना होडीतून उतरली, तिने पोहऱ्यांचा आवाज ऐकला, आणि ती जी पळत सुटली ती बावीच्या काठावर येऊन बसली. दोन्ही पाय आत सोडून बसली. पोहरा खाली सोडायला जागाच ठेवली नाही.

"काय चाललंय हे?"

"बाव पाक करतोय," नाखवा म्हणाला. "तुमची बकरी आत मेलेली मिळाली. मौलवीसायबांनी सांगितलंय."

"मौलवीसायबांनी त्यांच्या वाटेचं सांगितलं. ते त्यांच्या जागी खरे हायत. आपली वाट कुठली?"

मग तिने वडिलांसारखा आवाज लावून समजावलं. शाफई वाटेवर पाणी दोन प्रकारचं. दोन मोठ्या रांजणांपेक्षा कमी असेल तर त्यात घाण पडताच ते नापाक होतं. पण दोन रांजणांहून जास्त असेल तर नुसत्या पडण्याने काही होत नाही. त्याचा रंग, वास किंवा चव बदलली तरच ते नापाक. आणि बावीत अजून कितीतरी रांजण पाणी होतं.

"बकरी तुमचीच होती ना फकीणबी?" गर्दीतून कुणीतरी म्हणालं. "म्हणून वकिली चाललीय."

मैमुनाच्या डोळ्यांत पाणी आलं. चांदणी गेल्याचं कळून घटकाही झाली नव्हती. पण ती म्हणाली, "माझीच होती. म्हणून तं मी दोनदा हुंगनार."

तिने पोहरा काढला. पाणी ओंजळीत घेऊन उजेडात धरलं. रंग ठीक होता. मग नाकाजवळ नेलं, आणि थांबली. पुन्हा नेलं.

असं म्हणतात, की त्या वेळी काठावरच्या वडाचं पानसुद्धा हललं नाही. सगळ्यांना वाटत होतं, ती आता पाक म्हणणार. तिची बकरी, तिचा शब्द.

"वास हाय," मैमुना म्हणाली. "आज पानी नापाक हाय. कुनी पिऊ नका."

गाव चक्रावलं. मग उपसायचं नाही म्हणता ते का? तर मैमुनाने सांगितलं, की वास आपोआप गेला की पाणी आपोआप पाक होतं. उपसायची गरज नाही, थांबायची आहे. रोज फजरची, म्हणजे पहाटेची, नमाज झाली की मी पोहरा काढेन आणि सांगेन. तोवर प्यायला पलीकडच्या भंडारवाडीतून होडीने पाणी आणायचं. आणि वजूला? तर वजूला अख्खी खाडी पडली आहे. दर्याचं पाणी पाकच असतं, खारट असलं म्हणून काय झालं.

हसनचाचा नावाचे एक म्हातारे काठी टेकत पुढे आले. "पोरी, काल मी ह्याच पान्याने वजू केला. माझ्या नमाजी गेल्या का गं?"

"चाचा, काल वास आला होता?"

"नाय."

"मग नमाजी झाल्या. मागाहून शंका आली म्हणून झालेली नमाज जात नाय."

म्हाताऱ्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि तो तिथेच रडला. संध्याकाळी मैमुना मौलवींना भेटायला गेली आणि उंबऱ्याशी बसून सगळं सांगितलं. मौलवी हसले. म्हणाले, "बीबी, मला आधीच विचारायला हवं होतं, गाव कुठल्या वाटेचं आहे. तुमचं गाव तुमच्या वाटेने चालू दे. मी माझ्या वाटेवरचा, मी शहाळं पिईन." आणि खरोखरच मुक्काम असेपर्यंत त्यांनी शहाळ्याशिवाय काही प्यायलं नाही. कुणाला राग आला नाही. रोज सकाळी कुणी ना कुणी त्यांच्या दारात शहाळं ठेवून जायचं.

मग थांबणं सुरू झालं. रोज पहाटे मैमुना पोहरा काढायची, बघायची, हुंगायची. गाव गोल करून उभं असायचं.

"आज नाय," ती म्हणायची, आणि गाव घागरी घेऊन होडीकडे वळायचं.

खाऱ्या पाण्याच्या वजूने लोकांची कातडी चरचरायला लागली. भंडारवाडीचे लोक चांगले, पण त्यांची विहीरही वैशाखातलीच. घरटी एक घागर मिळायची. लहान मुलं पाण्यासाठी किरकिरायची. दाऊद नाखवा रोज बावीपर्यंत यायचा आणि रोज तोंड पाडून परत जायचा.

"फकीणबी, लगीन आलं. पावन्यांना काय पाजू मी? खाडी?"

"नाखवा, बाव उपसली तं तुमची नातवंडं पन खाडीच पितील."

वास मात्र कमी होत होता. मैमुनाला ते कळत होतं आणि मनातून ती हरखली होती. असं म्हणतात, की ती चांदणीच्या खुंट्याशी जाऊन सांगायची, "आता थोडंच राहिलंय गं." आणि मग एका पहाटे तिने पोहरा काढला, नाकाशी नेला, आणि तिला केवड्याचा घमघमाट आला.

गर्दीलाही आला. बाया एकमेकींना मिठ्या मारायला लागल्या. "वास गेला! बावीला खुशबू सुटली! करामत झाली!" कुणीतरी घागर पुढे सरकवलीसुद्धा.

मैमुनाने तिच्यावर हात आडवा धरला.

"वास गेलेला नाय," ती म्हणाली. "वास झाकलेला हाय."

शास्त्रात हे अगदी उघड सांगितलं आहे. घाणीचा वास आपोआप गेला तर पाणी पाक. पण त्यात कस्तुरी, केशर किंवा अत्तर टाकून तो लपवला, तर पाणी जसं होतं तसंच. खाली काय आहे ते आता कळायलाच मार्ग नाही. गावात केवड्याची कुपी एकाच घरात आली होती, आणि ती कुठल्या लग्नासाठी आली होती ते सगळ्यांना माहीत होतं. मैमुनाने नाव घेतलं नाही. पण नाखव्याला राहवलं नाही.

"मीच ओतला!" तो ओरडला. "होय, मी ओतला! अख्खी कुपी ओतली! चांगल्यासाठीच ना? गावाचे घसे सुकले, आनि ही बाई रोज नाक वर करून नाय म्हनते! बोल पाक! एक शब्द तं हाय, बोल!"

खरं होतं. एकच शब्द होता. मैमुनाचा स्वतःचा घसा कोरडा पडला होता, ओठ फुटले होते. तो शब्द बोलली असती तर गावाने तिला खांद्यावर घेतलं असतं. बकरीचा डाग पुसला गेला असता. आणि केवड्याखाली काही उरलं असेलच असं कुठे होतं? कदाचित वास खरंच गेला असेल. तिला तो शब्द बोलावासा वाटला. फार वाटला. पण त्या शब्दावर गाव पाणी पिणार होतं आणि वजू करणार होतं, आणि त्या सगळ्या नमाजी तिच्या मानेवर येणार होत्या.

"आज नाय," ती म्हणाली.

त्या दिवशी तिला कुणी सलाम केला नाही. होडीतून पाणी आलं तेव्हा तिची घागर तेवढी रिकामी राहिली. चुकून राहिली असं नंतर सगळे म्हणाले. मैमुना घरी गेली, जात्याजवळ बसली, आणि पोटभर रडली. राग होता, दुःख होतं, आणि सगळ्यात जास्त चांदणीची आठवण येत होती.

आता एक गोष्ट सांगायची राहिली. शास्त्रात आणखी एक वाट होती. वास आपोआप जाईपर्यंत थांबायचं नसेल, तर नवं पाणी आत ओतत जायचं. ओतता ओतता घाणीचा वास गेला, अत्तराचा गेला, की बाव पाक. मैमुनाला ही वाट पहिल्या दिवसापासून माहीत होती. पण ज्यांच्या घरी एक घागर येते आणि मुलं किरकिरतात, त्यांना ती घागर बावीत ओता असं कुठल्या तोंडाने सांगायचं? ती गप्प राहिली होती. गावातल्या काही मुली तिच्याकडे शिकायला यायच्या, त्यांना मात्र हा मसला तिने शिकवला होता. त्या मुलींत सुगरा होती, नाखव्याची मुलगी.

लग्नाच्या आदल्या दिवशी नाखव्याने दुप्पट मोल देऊन लांबच्या गावाहून दोन मचवे भरून पाणी आणवलं. घागरींच्या रांगा अंगणात लागल्या. सुगरा हळद लावून आत बसली होती. हळद लागलेल्या नवरीने घराबाहेर पाऊल टाकायचं नाही, हे तर लहान मुलालाही ठाऊक. तिच्या आंघोळीची घागर कुणीतरी आत आणून ठेवली. सुगरा तिच्याकडे बघत राहिली. मग तिने ती घागर कमरेवर घेतली आणि पिवळ्या हातापायांनी सरळ दाराबाहेर पडली.

बाया किंचाळल्या. "अगं नवरी! अगं कुठे?"

सुगरा थांबली नाही. आळी ओलांडून, मशिदीला वळसा घालून ती बावीवर आली. मागे बाप धावत होता, बापामागे गाव धावत होतं. मैमुनाही जात्यावरून उठून आली.

"बाबा, दुसरी वाट हाय," सुगरा म्हणाली. "नवं पानी ओतायचं. फकीणबीला ठाऊक होतं. तिला मागायची लाज वाटली. मना नाय वाटत."

आणि तिने आपल्या हळदीची घागर बावीत रिकामी केली.

नाखवा बघत राहिला. मोठा माणूस, दर्यावर वादळात न डगमगणारा, पण तो तिथे उभा राहिला आणि त्याचा चेहरा लहान मुलासारखा झाला. "केवडा मी ओतला," तो हळूच म्हणाला, "तं पानी मीच ओतायला पायजे." त्याने खलाशांना हाक मारली. दोन मचव्यांचं पाणी, लग्नाचं सगळं पाणी, घागरीमागून घागर बावीत गेलं. ते बघून हसनचाचांनी आपली घरची घागर आणली. मग एकेक घर आलं. भंडारवाडीचे होडीवाले पाणी पोचवायला आले होते, तेही होडीतलं पाणी तिथेच ओतून मोकळे झाले.

शेवटची घागर रिती झाली, तेव्हा बावीच्या तळातून गुडगुड आवाज आला. कुणी म्हणतं, कातळातला बुजलेला झरा फुटला. कुणी म्हणतं, आत एक बकरी दोनदा बेंबटली आणि पाणी उसळलं. एवढं मात्र सगळे सांगतात, की जितकं पाणी ओतलं होतं त्याच्या दुप्पट वर आलं, ऐन वैशाखात, आभाळात ढगाचा ठिपका नसताना. असं म्हणतात, की त्या दिवशी खाडी दोन हात मागे सरकली.

मैमुनाने पोहरा सोडला. पाणी उजेडात धरलं. हुंगलं. पुन्हा हुंगलं. ना घाण, ना केवडा. सगळं गाव तिच्या तोंडाकडे बघत होतं. तिने मात्र पोहरा सुगरापुढे धरला.

"तू सांग."

"मी? फकीणबी, मी कशी?"

"बकरी माझी होती. माझ्या शब्दावर तिचं ओझं हाय. तू शिकलीयस ना? मग सांग."

सुगराने पाणी पाहिलं. हुंगलं. मग जिभेवर एक थेंब घेतला, आणि हळदीच्या चेहऱ्याने हसली.

"पाक."

पहिली ओंजळ मैमुना प्यायली. मग नाखवा. मग गाव. मौलवी करामतअली वडाखाली शहाळं घेऊन बसले होते. त्यांनी शहाळं उंच करून सगळ्यांना मुबारकबाद दिली, आणि शहाळंच प्यायले. गाव खदाखदा हसलं आणि नाखव्याने त्यांना आणखी एक फोडून दिलं. दुसऱ्या दिवशी लग्न लागलं, आणि पाहुणे पोट भरून पाणी प्यायले.

मैमुना पुढे पुष्कळ वर्षं जगली. ती गेली त्या दिवशी बावीचं पाणी काठापर्यंत आलं होतं, असं म्हणतात. ते मी पाहिलेलं नाही. पण बाव पाहिली आहे. ती कधी आटली नाही आणि कधी खारटली नाही.

आजही सांदखोलात ईदच्या सकाळी माणसं अत्तर लावतात ती बाव ओलांडून गेल्यावर. कुपी खिशात असेल तर बाहेर काढून दुसऱ्याच्या हातात देतात आणि मगच पाणी भरतात. घाटावरचा पाहुणा आला तर, त्याला न विचारताच, त्याच्यापुढे पाणी आणि शहाळं दोन्ही ठेवतात. आणि लग्न कुणाच्याही घरचं असो, हळद लागलेली नवरी त्या दिवशी घराबाहेर पडते. बावीवर येते, पोहरा काढते, बघते, हुंगते, चाखते. तोवर गावातलं कुणी घागर बुडवत नाही.

बहुतेक वेळा नवरी लाजत लाजत पाक म्हणते आणि बाया हसतात. पण एका वर्षी, अजून पुष्कळांना आठवतं, एका नवरीने पोहरा नाकाशी नेला आणि मान हलवली. "आज नाय," ती म्हणाली. नवऱ्याकडची माणसं भडकली. उन्हात उभी होती ना बिचारी. त्यांच्यातला एकजण म्हणाला, ही अठरा वर्षांची पोर, हिला काय कळतंय?

सांदखोलातले म्हातारे घागरी उचलून होडीकडे चालू लागले. त्या दिवशी ती पोर नव्हती, फकीण होती.